माझ्या नाकावरची दुलई

मित्रांनो, बसायचं असेल तर पटकन बसा, आणि दार हळू लावा. डाव्या दाराची कडी सैल झाली आहे. मी एक जुनी, बुटकी, पांढरी गाडी आहे. आमच्या कोकंदच्या गल्लीत बहुतेक गाड्या पांढऱ्याच, तेव्हा रंगाचं कौतुक राहू द्या. एका जागी उभं राहणं मला अजिबात सोसत नाही. इंजिन बंद केलं तरी आत काहीतरी टिकटिकत राहतं, आणि अंगणात किल्ली खुळखुळली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

माझा जन्म कोकंदच्या याच खोऱ्यातल्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून, ठोकून, रंगवून मला बाहेर काढलं आणि झोकिर नावाच्या तरुणाने घरी आणलं. मग झोकिर कामासाठी रशियाला गेला आणि किल्ली त्याच्या बायकोच्या, सनोबरच्या हाती आली. तिथून माझे खरे कष्टाचे आणि कौतुकाचे दिवस सुरू झाले.

आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत दुलयांची चळत जाते. सनोबरची सासू, हमरोबीबी, या दुलया शिवते. खोऱ्यात तिच्या टाक्याला तोड नाही. सनोबर त्या माझ्या टपावर बांधते आणि गावोगाव, कधी घाटापलीकडे ताश्कंदपर्यंत पोचवते. माझी किल्ली हाती यायच्या आधी प्रत्येक खेपेला तिला धाकट्या दिराची, एर्गाशची, मनधरणी करावी लागे. "बघू वहिनी," तो म्हणायचा, आणि ते बघणं महिना महिना चालायचं. किल्ली मिळाल्यापासून सनोबर कुणाला विचारायची थांबली. मित्रांनो, एवढी गोष्ट लक्षात ठेवा.

सनोबरने माझी भाषा शिकून घेतली. सकाळी मी किंचाळले की ती म्हणायची, पट्टा ढिला झालाय. किल्ली फिरवल्यावर नुसतंच कट्कट् झालं की बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर खरवडून काढायची. मी एका बाजूला ओढ घेतली की आधी चाकातली हवा बघायची, मगच काळजी करायची. गचके दिले की प्लग काढून पुसायची. गॅस भरायच्या रांगेत सगळे उतारू बाहेर उभे असत, तेव्हा शेजारच्या गाडीवाल्या पुरुषांना ती त्यांच्या गाड्यांची दुखणी सांगायची. ते हसायचे, आणि घरी जाऊन मुकाट्याने तेच करायचे.

हमरोबीबीचं मात्र माझ्याशी कधी जमलं नाही, निदान तोंडावर तरी. "हा पत्र्याचा डबा माझ्या द्राक्षांच्या मांडवाखालची जागा खातोय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी आत आले की एक लाथ चाकाला, आणि एक शिवी मला.

एका हिवाळ्यात थंडीने कहर केला. पहाटे सनोबर मला सुरू करायची तेव्हा मी दात वाजवल्यासारखी थरथरायची. आमच्या खोऱ्यात अशा वेळी लोक रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात, म्हणजे गार वारा थेट आत शिरत नाही आणि इंजिन लवकर गरम होतं. सनोबरला तेवढी सवड नव्हती. एके दिवशी ती बाजारात गेलेली असताना हमरोबीबी अंगणात आली. इकडे तिकडे पाहिलं. मग पदराखालून एक छोटीशी, काळ्या कापडाची, दाट टाक्यांची दुलई काढली आणि माझ्या नाकाच्या जाळीमागे, रेडिएटरपुढे, अलगद सरकवली. "गप राहायचं," ती मला म्हणाली. जणू मी बोलणारच होते!

काय सांगू, किती ऊब होती ती! सगळा हिवाळा मी घाटात ताठ मानेने चढले-उतरले.

मग जर्दाळूला बहर आला, ऊन तापू लागलं. हमरोबीबीने जाळीतून डोकावून पाहिलं, पण धक्क्यांनी दुलई खाली, बंपरच्या मागे घसरून रेडिएटरला चिकटून बसली होती. तिला ती दिसली नाही. रस्त्यात कुठेतरी पडली असेल असं समजून ती हळहळली आणि गप्प बसली. शिवल्याचंच कुणाला सांगितलं नव्हतं, मग हरवल्याचं कसं सांगणार?

आणि मी गुदमरायला लागले. गावातल्या गावात काही वाटत नसे, पण चढ लागला की आतलं पाणी खदखदायचं, काटा लाल पट्ट्यात जायचा आणि बॉनेटखालून वाफेचे लोट निघायचे. मला कारण माहीत होतं. पण माझ्याजवळ बोलायला वाफेशिवाय होतं काय? मी फुसफुसायची, शिट्ट्या मारायची, थांबल्यावरही पंखा गरागरा फिरवत राहायची. कुणाला काही कळेना.

उस्ता तुलकिन म्हणजे आमचा मेकॅनिक. त्याने वरून पाणी पाहिलं. झाकण बदललं. थर्मोस्टॅट बदलला. पंख्याची तार तपासली. पाण्याच्या पंपाला कान लावला. "बाई, हिचं सगळं ठीक आहे, आणि तरीही हिला ताप येतो," तो हात पुसत म्हणाला. "मला तर ही सोंग करते असं वाटतंय."

सोंग! मित्रांनो, त्या दिवशी मला इतका संताप आला की त्याच्या दारातच मी पुन्हा उकळले.

हमरोबीबीचं निदान वेगळं होतं. "दृष्ट लागलीय. समोरच्या घरातल्या त्या बाईची. रोज दारात उभी राहून बघते, बाई गाडी चालवते म्हणून." झालं. रोज सकाळी ती वाटीत निखारा आणून त्यावर दृष्ट काढायच्या झुडपाची, इसिरिकची, वाळकी पानं टाकायची आणि धूर माझ्याभोवती फिरवायची. दारांना, काचांना, चाकांना धूर. नाकासमोर मात्र ती कधी वाकली नाही. गुडघे दुखायचे तिचे.

दुसऱ्यांदा मी चढावर बंद पडले तेव्हा एर्गाश दोरी घेऊन न्यायला आला. घरी आल्यावर त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "वहिनी, पुरे झालं. रविवारी हिला विकायला बाजारात उभी करतो. रशियाला भावाशी बोललोय मी."

सनोबरने चहाचा पेला खाली ठेवला. "गुरुवारी घाटापलीकडे अंगरेनला लग्नाच्या दुलया पोचवायच्या आहेत," ती म्हणाली. "तेवढं जाऊ दे."

"जा की. मी पण येतो. घाट चढली तर ठेव. नाही चढली तर रविवारी मला अडवायचं नाही."

"मीही येणार," हमरोबीबी म्हणाली. "नवरीसाठी शिवलंय मी. दुलई काय पार्सलसारखी टाकून येतात?"

गुरुवारी निघालो. टपावर लाल-हिरव्या दुलयांचा डोंगर, पुढे एर्गाश, मागे हमरोबीबी आणि तिच्या मांडीवर नानची चवड. सपाटीवर मी वाऱ्यासारखी पळाले. घाट लागला आणि माझा श्वास अडकायला सुरुवात झाली. सनोबर काट्याकडे बघत होती. एर्गाशही काट्याकडेच बघत होता. मी धडपडले, गिअर बदलताना तिला साथ दिली, पण शिगकबाबच्या टपऱ्यांपर्यंत येता येता काटा लाल झाला.

सनोबरने मला कडेला घेतलं. बॉनेट उघडलं. ती वाफेकडे बघत उभी राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

"झालं ना समाधान?" एर्गाश म्हणाला आणि फोन काढून गिऱ्हाइकाशी बोलू लागला. "हो, पांढरी... रविवारी आणतो..."

हमरोबीबीने टपरीवाल्याकडून निखारा मागून आणला. वाटी हातात, पानं मुठीत. या वेळी ती गुडघ्यांची पर्वा न करता थेट माझ्या नाकासमोर वाकली आणि धूर सोडला. माझा पंखा जोरात फिरत होता. धूर आत ओढला जायला हवा होता. मी तर सारा जीव एकवटून ओढत होते. पण धूर बंपरलगतच्या जाळीपाशी जायचा आणि परत हमरोबीबीच्याच तोंडावर यायचा.

ती खोकली. पुन्हा धूर सोडला. तो पुन्हा परत आला. मग वाटी खाली ठेवून तिने जाळीवर तळवा धरला. बराच वेळ धरला, तरी आत वाऱ्याची ओढ काही लागेना.

मला वाटलं, आता ही गप्प बसेल. सगळ्या गल्लीला दृष्ट-दृष्ट म्हणून सांगून बसलेली बाई. तिच्या जागी कुणीही गप्प बसलं असतं.

"एर्गाश," ती उभी राहत म्हणाली, "फोन ठेव. गाडी आजारी नाही. मी तिला पांघरूण घातलंय."

"काय घातलंय?"

"दुलई. पहिल्या बर्फाच्या वेळी. मला वाटलं, पडली."

सनोबरने टपरीवाल्याची लांब शीग मागून घेतली, हाताला रुमाल गुंडाळला आणि वरून आत घालून चाचपडू लागली. धुळीने माखलेलं, चुरगळलेलं एक काळं गाठोडं बाहेर आलं, आणि त्याच क्षणी डोंगरावरचा गार वारा माझ्या छातीत शिरला. मित्रांनो, त्या वाऱ्याची चव मी विसरणार नाही.

एर्गाश पोट धरून हसला. "आई, हिला एक उशी पण द्यायची होतीस!"

"तुला लहानपणी दुलई घातली नसती ना, तर आज हसायला उरला नसतास," हमरोबीबी कडाडली.

सनोबर हसली नाही. तिने दुलई झटकून उलटी केली. आतल्या बाजूला रेशीम होतं, सनोबरच्याच लग्नातल्या दुलयांमधला उरलेला तुकडा. "आई, एवढं चांगलं रेशीम या डब्याला?"

हमरोबीबीने तोंड फिरवलं. "डब्याला कशाला? तू पहाटे एकटी घाटात जातेस. हे धूड थंडीने बर्फात बंद पडलं तर तुझं काय होईल? झोप लागत नव्हती मला."

पाणी निवलं, नवं भरलं. मग मी निघाले. वळणामागून वळण, खिंडीच्या बोगद्यापर्यंत, काटा मधोमध. एर्गाश पुढे बसून नान चावत होता. रविवारचं नाव त्याने परत काढलं नाही, आणि सनोबरने त्याला आठवणही करून दिली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी तापली, थरथरली, किंचाळली तर तिला सोंगाडी म्हणू नका आणि शेजारणीवरही खापर फोडू नका. आधी वाकून तिच्या नाकाशी हात धरा. आणि जे मायेने केलंत ते लपवू नका. मला घुसमटवलं ते दुलईने नाही, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही त्याने.

आता मी म्हातारी झाले आहे, तरी उभं राहणं जमत नाही ते नाहीच. पहिला बर्फ पडला की हमरोबीबी साऱ्या गल्लीदेखत मला दुलई घालते, आणि घरात बसलेल्या सुनेला ओरडून सांगते, "घातली गं, लक्षात ठेव!" जर्दाळू फुलला की सनोबर ती काढते, धुते आणि अंगणातल्या दोरीवर टाकते. नवरीच्या मोठमोठ्या दुलयांच्या रांगेत शेवटी माझी ती इवलीशी काळी दुलई वाळत असते.