इथवर रान आपलं

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पण वाटेवरचा, कुणीही ठोकरून पुढे जावं असला नव्हे. मी हद्दीचा दगड; निदान माझी ओळख तशी होती. आज मी जिल्हा कचेरीसमोर, सायकली लावतात तिथल्या फुलांच्या वाफ्यात उभा आहे. शेजारी पितळी पाटी आहे आणि तिच्यावर 'ऐतिहासिक' असं लिहिलं आहे. हा शब्द एकदा कुणाला चिकटला की त्याला काही काम उरत नाही.

माझा जन्म तांबड्या दगडाच्या खाणीतला. पाथरवटाने माझ्या एका अंगावर त्या बाजूचा राज्यकर्ता ड्यूक याची खूण म्हणून सिंह कोरला, दुसऱ्यावर पलीकडे राज्य करणाऱ्या बिशपची किल्ली. मग बैल जुंपून मला डोंगराच्या धारेवर नेलं. सिंहाकडे एर्लेनरोड गाव, किल्लीकडे वीझेनबाख. शपथ घेतलेल्या जाणत्यांनी माझ्या पायाखाली भाजलेल्या मातीचे तुकडे एका ठरावीक रीतीने मांडले. ती रीत ते बायकोलासुद्धा सांगत नसत. कुणी लबाडीने मला सरकवलं, तर त्या तुकड्यांवरून माझी खरी जागा कळावी म्हणून ही सोय.

ड्यूक गेला, बिशपचं राज्य गेलं, राजा आला आणि तोही गेला. माझ्या दोन अंगांना दोन जिल्हे झाले, दोन कचेऱ्या झाल्या. जमीन मात्र तीच राहिली. वर बीचच्या झाडांचं रान, खाली ओढा, मध्ये बटाट्याची हलकी शेतं. एर्लेनरोडवाले प्रोटेस्टंट, वीझेनबाखवाले कॅथलिक. ओढ्याच्या पाण्यावरून ते भांडत आणि कुणाची मुलगी पलीकडे गेली तर त्याहून जास्त भांडत.

दर सात वर्षांनी उन्हाळा सरताना एर्लेनरोडचं अख्खं गाव हद्द फिरायला निघे. पुढे बॅंड, मागे बिअरची गाडी, बायकांच्या टोपल्यांत आलुबुखाऱ्याचा केक. माझ्यापाशी सगळे थांबत. मग गावात नवीन आलेल्याला, म्हणजे वयात आलेली पोरं, नव्या सुना, नवा मास्तर, प्रत्येकाला दोघे जण काखेत हात घालून उचलत आणि माझ्यावर तीनदा आपटत. पहिल्यांदा सगळे ओरडत, "इथवर रान आपलं!" दुसऱ्यांदा, "इथवर पाणी आपलं!" आणि तिसऱ्यांदा, "आजपासून तू आपला!"

"अरे, जरा जोरात! मास्तराची अक्कल बुडातच आहे, तिथूनच वर चढेल," असं कुणीतरी म्हणे, आणि मास्तरसुद्धा हसे. ज्याचं बूड माझ्यावर आपटलं तो गावचा. पुढे कुणी त्याला बाहेरचा म्हणत नसे. मित्रांनो, मला या कामाचा फार अभिमान होता.

दुसऱ्या मोठ्या युद्धानंतरच्या हिवाळ्यात ओटिली आली. तरणी पोर, सोबत आजारी आई. त्यांचं पूर्वेकडचं गाव आता दुसऱ्या देशात गेलं होतं आणि त्यांना तिथून हाकललं होतं. अशा बेघरांना जागा द्या असा सरकारी हुकूम निघाला म्हणून हार्टमुटच्या घरच्या माडीवर त्यांना एक खोली मिळाली. हार्टमुट एर्लेनरोडचा तरणा शेतकरी, हद्दफेरीचा म्होरक्या. त्यात ओटिली निघाली कॅथलिक. त्यामुळे दर रविवारी ती डोंगर चढून, माझ्याजवळून, वीझेनबाखच्या देवळात जाई. "बटाटे आमचे खाते आणि देव पलीकडचा शोधते," असं गावात बोलत. ती ऐकून घेई.

चढावर तिला दम लागायचा, पण ती माझ्यावर कधी बसली नाही. शेजारच्या गवतात बसायची. एकदा बरोबरच्या मैत्रिणीने विचारलं, "अगं, एवढा मोठा दगड आहे, बस की!"

"असं आपलं आपण बसायचं नसतं," ओटिली म्हणाली. "मला बसवतील तेव्हा बसेन."

पुढची हद्दफेरी आली. ओटिली इस्त्रीचा झगा घालून रांगेत उभी राहिली. हार्टमुटने तिला पाहिलं आणि तो सोबत्याला म्हणाला, "हे लोक काय, आज आहेत, उद्या जातील. आपटून कशाला वेळ घालवायचा?" ते तिला ऐकू गेलं. ती रांगेतून बाजूला झाली आणि टोपल्या उचलू लागली.

ती कुठेच गेली नाही. आईला तिने गावच्याच मातीत ठेवलं, शाळेत स्वयंपाकीण झाली. हार्टमुटच्या पोरांना तापात रात्र रात्र जागून पाहिलं. सात वर्षांनी ती पुन्हा रांगेत होती, सगळ्यांत शेवटी. या वेळी हार्टमुटच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिची पाळी आली आणि आभाळ फुटलं. बॅंडवाले पळाले, बायका पळाल्या.

"ओटिली, पुढच्या खेपेला गं!" पळता पळता हार्टमुट ओरडला. "पहिला नंबर तुझा!"

ती एकटीच माझ्यासमोर भिजत उभी राहिली. माझ्या डोक्यावरचं पाणी तिने हाताने निपटून काढलं आणि ती गेली. मला हात असते तर मी तिला ओढून बसवलं असतं, मित्रांनो.

पुढची खेप आलीच नाही. राजधानीत ठरलं की लहान जिल्हे परवडत नाहीत. दोन्ही जिल्ह्यांचा एक मोठा जिल्हा झाला, दोन्ही गावं एकाच नव्या नावाखाली गेली, गाड्यांच्या नंबरपाट्यांवरची अक्षरंसुद्धा बदलली. हद्दच नाही, तर फिरायचं कशाला? हद्दफेरी बंद पडली. मग एक दिवस क्रेन आली आणि मला उपटून इथे घेऊन आली. पायाखालचे तुकडे तिथेच खड्ड्यात राहिले. इथे मला बसवलं तेही उलटं. किल्ली आता एर्लेनरोडकडे बघते. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी ओटिली ओळखपत्राच्या कामासाठी बसने कचेरीत आली. केस पांढरे, हातात काठी. सोबत हार्टमुट होता, तोही वाकलेला. तिने मला पाहिलं आणि ती थबकली.

"अगं बाई! तुलाही उठवलं का रे घरातून?" असं म्हणत तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हार्टमुटने बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. मग म्हणाला, "ओटिली, तुझा नंबर राहिलाय."

"वेडा झालास का या वयात?"

दारावरचा पहारेकरी धावत आला. "आजोबा, त्याला हात लावायचा नाही. ऐतिहासिक आहे!"

"ऐतिहासिक? याच्यावर माझं बूड आपटलंय, तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता. ये इकडे, दुसरीकडून धर आजीला!"

दोघांनी तिला हलकेच उचललं. मित्रांनो, मी या क्षणाची किती वाट पाहिली होती! "इथवर रान आपलं!" हार्टमुट ओरडला आणि त्याने समोर पाहिलं. समोर सायकली, मोटारी आणि झेंड्याचा खांब. "इथवर पाणी..." म्हणताना त्याचा आवाज खाली आला. तिसऱ्यांदा तर तो पुटपुटलाच, "आजपासून तू आपली."

ओटिली माझ्यावर बसून राहिली. आधी ती हसली, मग तिने डोळे पुसले.

"आजपासून होय रे, हार्टमुट?" ती म्हणाली.

मी जागेवर असतो तर तिला तिचं रान दाखवलं असतं, तिचा ओढा दाखवला असता. इथे माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. थोड्या वेळाने ती उठली, "चल, बस चुकेल," म्हणाली आणि दोघे गेले. ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही हद्दीचा एखादा जुना दगड असेल. त्याला जागेवरच राहू द्या, शोभेसाठी उपटू नका. आणि त्याच्यापाशी कुणी रांगेत शेवटी उभं असेल तर पाऊस आला म्हणून पळू नका. आधी त्याला बसवा, मग भिजा खुशाल.