काउंटीच्या शेडातल्या बोटी

घरपट्टीच्या तक्रारी ऐकायच्या दिवशी काउंटीच्या, म्हणजे जिल्हा सरकारच्या, वकिलालाही टाउन हॉलमधल्या घडीच्या खुर्चीवर आपल्या पाळीची वाट बघत बसावं लागतं, याचं व्हर्ना ऑस्ट्रँडरला फार समाधान होतं. एरवी ही काउंटीची माणसं मागच्या दाराने येतात, कॉफी पितात आणि काम करून घेऊन जातात. गावाची घरपट्टी ठरवायचं काम व्हर्नाचं. यंदा तिने तळ्याकाठच्या काउंटीच्या शेडाला पट्टी लावली होती आणि ती रद्द करून घ्यायला कर्बी व्हॅनडूसेन वकील आला होता.

व्हर्नाचं लक्ष मात्र समोर निकाल द्यायला बसलेल्या तीन पंचांपैकी ऑल्डनकडे होतं. गेल्या वर्षी तिने स्वतःच्याच चर्चच्या कोठाराची पट्टीमाफी काढून घेतली होती, कारण चर्चने ते हिवाळ्यात बोटी ठेवायला भाड्याने दिलं होतं. ऑल्डन त्या चर्चचा कारभारी. तेव्हापासून चर्चच्या जेवणाला तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची आणि तिला ते फार लागायचं. आज काउंटी सुटली, तर व्हर्ना फक्त लहानांनाच नडते असं गाव म्हणणार, आणि गावाचं काही चुकणारही नव्हतं.

कर्बी ऐटीत उठला. "सार्वजनिक कामाच्या काउंटीच्या जागेवर गावाला पट्टी लावता येत नाही. शेडात बर्फ उपसायच्या गाड्या असतात. विषय संपला."

"एक मार्चला कुठे होत्या?" व्हर्नाने विचारलं.

"शेडातच."

"बाहेर बर्फात उभ्या होत्या. आत भाड्याच्या बोटी होत्या."

"पुरावा आहे? फोटोबिटो?"

"फोटो कशाला, वकीलसाहेब? दाराजवळची निळी बोट तुमचीच की. ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला त्या दिवशी मलाच तर हाक मारलीत!"

हॉलभर हशा पिकला. कर्बीचे कान लाल झाले. "बरं, होत्या. पण आता बोटी पाण्यात गेल्यात, गाड्या आत आल्यात."

"मग बोटी पुन्हा आत आणू नका. पुढच्या वर्षी माफी मी स्वतः देईन. यंदाची पट्टी एक मार्चला जागा कशासाठी वापरात होती त्यावर ठरते. मालक कोणी का असेना."

ऑल्डनने चष्मा काढला. "हे मी ऐकलंय."

"तुलाच तर ऐकवलं होतं."

"मला वाटलं, मोठ्यांसाठी तू काही वेगळं ठेवलं असशील."

"नाही ठेवलं."

पट्टी कायम ठेवायला ऑल्डनने सर्वांत आधी हात वर केला. बाकीच्या दोघांनीही केला.

खुर्च्या आवरताना तो तिच्याजवळ आला. "रविवारी जेवणाला आमच्या टेबलाशी बस. आणि तुझा तो रुबार्बचा केक आण. तुझ्यावर रागावून वर्षभर त्याच्याशिवाय कसं काढलं, ते माझं मला ठाऊक."

व्हर्नाने हातातली खुर्ची मिटून भिंतीला टेकवली.

"आणते," ती म्हणाली. "पण केक खाऊन कोठाराची माफी मागायची नाही."

"मागतंय कोण? आत अजून दोन बोटी आहेत."