कॅमेऱ्याचा फोटो

सरकारी भिंतीवर पाटी होती, ‘छायाचित्रणास सक्त मनाई’. वाचता येतं की मला. पण पाटीच्या बरोब्बर वर कॅमेरा ठोकलेला, अन् तो रातंदिस रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याचं छायाचित्रण करतोय, त्याला कोण मनाई करणार? म्हणून काढला मी फोटो. त्या कॅमेऱ्याचाच काढला. अन् लगेच धरलं मला.

मी रामहरी. लासूर स्टेशनला माझा फोटो स्टुडिओ हाय. पयले लग्नं, बारशी, शाळेच्या फॉर्मचे फोटो, समदं माझ्याकडंच. मोबाईल आले अन् जित्या माणसांनी माझा उंबरा सोडला. आता फक्त मेलेल्यांची कामं येतात. कुणी लग्नातला ग्रुप फोटो आणतं, म्हणतं आमचा म्हातारा ह्याच्यातून काढून द्या. मग मागचा मांडव उडवायचा, शेजारचा पाहुणा उडवायचा, खांद्यावरचा हात उडवायचा, निळा रंग भरायचा अन् चौकट करायची. आमच्या धंद्यात ‘उडवणं’च म्हणतात त्याला. हे ध्यानात ठेवा, ह्या एका शब्दापायीच पुढचा घोळ झाला.

एवढ्या गावाचे फोटो केले, अन् माझ्या बायकोचा, पुतळाचा, एक धड फोटो नाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लग्नाच्या साली तिला हौसेनं स्टुडिओत बसवली होती. मेंढरामागं वाढलेली पोर ती, फ्लॅश पडला की डोळे मिटायची. पाच बारी मिटले. सहाव्या बारीला मी खेकसलो, “मेंढरासारखी काय मिटतीस गं?” उठली अन् गेली. पुन्हा कधी कॅमेऱ्यापुढं बसली नाय. माझी जीभच वंगाळ, काय करणार!

ती गेली तवा पोरीनं, तनुजानं, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. कुणाचं तरी घर फोडताना घावलेली बाई दिसतीय त्याच्यात. तेराव्याला त्यालाच हार घातला. आता घरात मी अन् तो फोटो. जेवायला बसलो की मी त्याच्याकडं पाठ करून बसतो. लई एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू? रिचार्ज संपला म्हणून कंपनीच्या बाईचा फोन येतो. रेकॉर्ड केलेली बाई हाय ती, कळतं मला, तरी शेवटपर्यंत ऐकतो.

अन् एक दिवस जावई बोलता बोलता बोलून गेला. वाळूजच्या कंपनीत हाय तो. म्हणला, “आमच्याकडचे काय, कुठलेबी भिंतीवरचे कॅमेरे महिनाभराचंच साठवतात, मग आपोआप पुसून जातं.” माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पुतळा अन् मी शेवटचे पडेगावला तनुजाकडं आलो होतो, तवा परतीच्या एसटीसाठी ह्याच सरकारी भिंतीसमोर बाकड्यावर चाळीस मिनिटं बसलो होतो. पोरीनं दिलेलं पोपटी लुगडं नेसली होती, लई तरतरीत दिसत होती. मनात आलं होतं, एक फोटो काढावा. तेवढ्यात एसटी आली. त्याच्या नवव्या दिवशी सकाळी पाणी भरता भरता ती गेली.

मी बोटांवर दिवस मोजले. अठ्ठावीस. म्हणजे पुतळाचा हसरा, तोंड वर केलेला एखादा फोटो त्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यात होता, अन् दोन दिवसांत तो पुसला जाणार होता. पायात चपला घातल्या अन् निघालो.

गेटवर राजकुमार नावाचा शिपाई होता, छातीवर नाव लिहिलेलं. त्याला म्हणलं, त्या दिवसाचं कॅमेऱ्यातलं चित्र पाहिजे. तो म्हणला, “अर्ज करो चाचा. कोणता कॅमेरा, किती वाजता, सगळं लिहून आणा.” आता कोणता कॅमेरा म्हणून सांगू? भिंतीवर सात होते. म्हणून पलीकडं जाऊन त्याच बाकड्यावर बसलो, नेमका आपल्याकडं तोंड करून असलेला हुडकला, अन् अर्जाला जोडायला त्याचा फोटो घेतला. तेवढ्यात तनुजाचा फोन.

“आबा, कुठं हाय तुम्ही?”

“भिंतीसमोर. तू फिकीर करू नको,” मी म्हणलं. मला जरा कमी ऐकू येतं, म्हणून मी मोठ्यानं बोलतो. “आज काम फत्ते करतो. एकदा हातात येऊ दे, मग भिंत उडवतो, गेट उडवतो, तो शिपाई मधी येतोय त्याला बी उडवतो. एकटी तुझी माय तेवढी ठेवतो!”

वर बघितलं तर राजकुमार पुढ्यात उभा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मग काय, आत. मोबाईल काढून घेतला, झडती घेतली. पिशवीत निघाल्या दोन भाकरी अन् मिरचीचा ठेचा. एका खोलीत साहेबांपुढं उभा केला. साहेब पन्नाशीचे, फौजेतून आलेले असावेत. राजकुमारनं घडाघडा सांगितलं, “साहेब, यानं कॅमेऱ्याचा फोटो काढला. फोनवर म्हणाला, भिंत, गेट आन् मी, तिन्ही उडवणार. बाईला एकटीला सोडणार.”

“कोणती बाई?” साहेबांनी विचारलं.

“माझी बायको,” मी म्हणलं.

“कुठं आहे ती?”

“मेली साहेब.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला आता राग आला. म्हणलं, “साहेब, रस्ता सरकारी, बाकडं सरकारी. बाकड्यावर बसून म्या फोटो काढला तर गुन्हा, अन् तुम्ही रोज माझ्यासारख्या हजार माणसांचा काढता त्याचं काय? म्या कधी विचारलं, माझा फोटो कशाला काढता म्हणून?”

“रस्त्यावरून रस्त्याचा काढा, काका, कुणी अडवणार नाही,” साहेब शांतपणे म्हणाले. “पण कॅमेरे कुठं आहेत, कुठं बघतात, हे टिपून नेणारा माणूस आम्हाला थांबवावाच लागतो. त्यात तुम्ही उडवायची भाषा करता.”

“आवं, आमच्या धंद्याची भाषा हाय ती!” मी म्हणलं. “द्या मोबाईल, दाखवतो.” साहेबांच्या समोर आमच्या गावच्या कडुबाच्या मेलेल्या बापाचा फोटो उघडला. आधी मांडवातला, पंगतीत बसलेला. मग पंगत उडवलेली, पाहुणे उडवलेले, निळ्या रंगात एकटा म्हातारा. साहेबांनी दोन्ही फोटो लई वेळ बघितले. राजकुमार खाली मान घालून हसायला लागला तसं साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं. मग मी पुतळाचं, बाकड्याचं समदं सांगितलं.

“अर्जाचं उत्तर यायला पंधरा दिवस लागतील,” ते म्हणाले.

“परवा पुसतंय साहेब.”

साहेबांनी कॅलेंडराकडं बघितलं. मग म्हणाले, “कॉपी देता येणार नाही. मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढायचा नाही. आणि तो कॅमेऱ्याचा फोटो माझ्यासमोर पुसायचा. कबूल असेल तर बघू देतो.”

मी कबूल केलं. पुसला. शेजारच्या खोलीत भिंतभर टीव्हीसारखे पडदे होते. ऑपरेटरनं तारीख लावली, वेळ लावली, चित्र पळवलं. गाड्या, शेळ्या, एक पाणीपुरीचा गाडा. अन् मग बाकड्यावर पोपटी लुगडं.

“थांबवा! थांबवा!” मी ओरडलोच.

काय सांगू! पुतळा सरळ माझ्याकडं बघत होती. म्हणजे कॅमेऱ्यात. तोंड वर, डोळे सताड उघडे, कपाळावर उतरतं ऊन. चाळीस वर्षांत मला असा फोटो साधला नव्हता. हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडं गेला, अन् साहेबांनी नुसती मान हलवली. म्हणलं ठीक हाय, कबूल केलंय. डोळ्यांतच भरून नेतो. हुंदका आला, आवरला नाय.

साहेबांना माझी कीव आली असावी. ऑपरेटरला म्हणाले, “पहिल्यापासून लाव. आहे तेवढं बघू दे त्यांना.”

लावलं. आम्ही दोघं येतो, बसतो. आता मी मला बघितलं. मान खाली, अंगठा मोबाईलवर. कडुबाच्या बापाचा फोटो त्याच दिवशी द्यायचा होता. पंगतीतली माणसं एकेक करून पुसत होतो मी. पुतळा माझ्याकडं वळून काय तरी बोलली. मी मान हलवली. तिनं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं, स्वतःशीच हसली, मी हसतोय का म्हणून बघितलं. मी नव्हतो हसत. परत बोलली, मी परत मान हलवली. मग माझ्या कोपराला हात लावला. मी कोपर काढून घेतलं. चित्र हलतं म्हणून काढून घेतलं असंल. ती पुन्हा काय तरी बोलली, मी पुन्हा मान हलवली. मग पदर सावरून बसली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणीच नव्हतं बघायला. मग तिनं तोंड वर केलं अन् भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडं बघत बसली. लई वेळ.

“साहेब,” मी म्हणलं, “आवाज वाढवा की.”

“आवाज नसतो यात, काका. नुसतं चित्र.”

“पण ती काय तरी बोलतीय.”

“हो. तुमच्याशीच बोलतायत.”

ऑपरेटरनं न सांगता परत मागं नेलं. मी खुर्ची पुढं ओढली अन् तिच्या ओठांवर डोळे लावून बसलो. तीन बारी बोलली पुतळा, अन् तिन्ही बारी मी व्हय म्हणून मान हलवली. कशाला व्हय म्हणलो, ते काय केल्या आठवंना.