पाठची बाजू

आमच्या अलाबामाची १९०१ सालची राज्यघटना म्हणजे ठिगळांची गोधडी. एखाद्या काउंटीत डास मारायचे झाले तरी घटनादुरुस्ती करा! मतपत्रिकेच्या पाठच्या बाजूला अशा दुरुस्त्यांची जंत्रीच असते आणि कितीतरी लोक पान उलटतसुद्धा नाहीत. मी त्यांना सरळ आळशी म्हणायचे. इनेझ मावशीसमोर म्हणाले, ते मात्र चुकलं.

२०२२चा नोव्हेंबर होता. घटनेतली काळ्या-गोऱ्यांत भेद करणारी भाषा काढून ती नव्याने मांडायची का, असा प्रश्न मतदानाला होता. शहाऐंशी वर्षांच्या मावशीला मी गाडीतून केंद्रावर नेत होते.

"दोन हजार चारलाही असंच काहीतरी काढायचं होतं," ती म्हणाली.

"आणि दोन हजारांहून कमी मतांनी पडलं. त्या आळशांनी पान उलटलं असतं तर..."

"मी नव्हतं उलटलं."

मी गाडी कडेला घेतली.

"पुढची बाजू भरली, मशीनमध्ये सारली आणि घरी जाऊन चिकन तळत बसले. शेजारीण म्हणाली, मागचं केलंस ना? मी हो म्हणाले. आज अठरा वर्षं झाली."

त्रेपन्न साली आजी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तेव्हा सतरा वर्षांची मावशी शेजारीच उभी होती. कारकुनाने देशाच्या घटनेतलं कलम मोठ्याने वाचायला लावलं. आजीने न अडखळता वाचलं, तरी तो म्हणाला, "नापास." आमच्यासारख्या काळ्यांना मतदानापासून लांब ठेवायला तशी परीक्षा घ्यायची सोय आमच्या राज्यघटनेनेच करून ठेवली होती. त्याच घटनेवरचं पान उलटायला तिची लेक विसरली होती.

केंद्रावर मावशीने मतपत्रिका घेतली आणि टेबलावर पालथीच ठेवली. भिंग काढलं, बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

केंद्रावरचे पर्नेल लगबगीने आले. निवृत्त पोस्टमन, वागायला अगदी मऊ. "इनेझबाई, मनातल्या मनात वाचा हो. लोक ऐकतायत."

"माझ्या आईला मोठ्यानेच वाचायला लावलं होतं."

पर्नेलनी एक खुर्ची आणून तिच्या मागे ठेवली.

मावशी बसली नाही. उभ्यानेच शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, 'होय'समोरचा गोल दाबून दाबून काळा केला, आणि मान वर केली.

"चुकलं कुठे?"

"नाही, बाई," पर्नेल म्हणाले.

"मग पास म्हणा."



"पास," पर्नेल म्हणाले.

तेव्हा कुठे मावशी खुर्चीत टेकली, पान उलटलं आणि मला म्हणाली, "रडू नकोस गं. अजून पुढची बाजू राहिलीय."