चिंगीचं औषध

चिंगीला सर्दी-खोकला झाला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "विषाणूचा ताप आहे, आपसूक उतरेल. जोडीला हे झिंकचं औषध द्या. दिवसातून एकदा, एकच चमचा." ताप उतरला, खोकलाही सैलावला, पण पोरीच्या पोटात काही ठरेना. दूध पाजलं की भडाभडा ओकायची. दोन वर्षांचा जीव, पार सुकून गेला.

आत्याचं निदान ठरलेलं होतं. शिलाई मशीन चालवता चालवता दिवसभर भाचीला सांभाळायची तीच. भाऊ बेकरीच्या भट्टीवर, भावजय बसमध्ये कंडक्टर, दोघांच्या पाळ्यांचा काही मेळ नाही. "हिच्या आईला धरबंध नाही," ती भावाला म्हणाली. "येताना काहीबाही आणते नि भरवते. औषधसुद्धा सांडून ठेवते, नाहीतर बाटली इतक्यात संपते कशी?" भावजयीने ऐकलं आणि चिंगीचे ओकलेले कपडे धुवायला घेतले.

शेवटी तिघंही चिंगीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट चाचपलं, जीभ पाहिली. "झिंक कोण देतं?"

"मी," आत्या म्हणाली. "दुपारी, न चुकता."

भावजय तिच्याकडे बघतच राहिली. "अहो ताई, सकाळी कामावर जाताना मी देते."

भाऊ भिंतीला टेकला. "मी संध्याकाळी देतो. मला वाटलं, तुम्ही दोघी कामाच्या रगाड्यात विसरत असाल."

कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

"ओकली की..." आत्या कशीबशी म्हणाली, "औषध वाया गेलं म्हणून मी परत पाजायचे. नाक दाबून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच आत्याला जास्त लागलं. "झिंक जास्त झालं की पोटाला बाधतं, उलट्या होतात. आजपासून बंद. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजा, आणि थोडा वेळ इथेच थांबा. मी बघते."

तासाभराने चिंगीच्या पोटात पाणी टिकलं आणि तिने बिस्किटासाठी भोकाड पसरलं. भावाने डोळे पुसले.

बाहेर पडताना आत्या मागे मागेच राहिली. भावजय थांबली आणि लेकीला तिच्यापुढे धरलं.

"तूच घे," आत्या हात मागे नेत म्हणाली.

"घ्या हो, ताई. माझे हात भरून आलेत."

आत्याने पोरीला घेतलं. घरी पोचेपर्यंत तिला खाली ठेवलं नाही.