डोळ्याविना पाखरं

कतारमधल्या दुखानच्या पांढऱ्याफटक दुपारी, शमाल वारा पत्र्याच्या छपरावर वाळू सांडत असताना, टाकाची बारीक करकर कानी आली की मी कूस न बदलताच ओळखायचो, दाऊदभाईंचं पाखरू कागदावर उतरतंय.

दाऊदभाई हर्णैचे, मी श्रीवर्धनचा. तेल कंपनीच्या क्वार्टरमध्ये आमची एकच खोली. ते ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. आठवडाभर पाइपांचे नकाशे शाईने गिरवायचे आणि जुम्म्याची नमाज झाली की पाय दुमडून खिडकीशी बसायचे. समोर भिंतीवर जपानी कॅलेंडर. उम्म सईदच्या बंदरात तेल भरायला आलेल्या जहाजावरून ते कुणीतरी त्यांना आणून दिलं होतं. बर्फाने वाकलेल्या वेळूवर अंग फुगवून बसलेली चिमणी, शरदातल्या गवताआड दडलेले लावे, शेवंतीपाशी कान टवकारलेला ससा. आणि भोवती सगळा कोरा, निःशब्द अवकाश. मी जातीचा तिरकस. म्हटलं, अर्धा कागद रिकामाच आहे, जपान्यांची शाई संपली वाटतं. दाऊदभाई शांतपणे म्हणाले, "त्या कोऱ्यात वारा हाय. बघ जरा." त्या माणसाला राग म्हणून यायचाच नाही, याचा मला फार राग यायचा.

ही चित्रं ते रद्दी ट्रेसिंग पेपरवर उतरवत आणि दर महिन्याला गावी धाडत. ती त्यांच्या लेकीसाठी, रुकय्यासाठी असत. त्यांनी घर सोडलं तेव्हा ती सहा महिन्यांची, पाळण्यात. पासपोर्टापुरता नाइलाजाने काढलेला फोटो सोडला तर धर्माला धरून त्यांनी स्वतःची तसबीर कधी काढू दिली नाही, म्हणजे पोरीपाशी बापाचा चेहराच नव्हता. रजा पुढे ढकलली जायची आणि ते विचारायचे, "पोर मला वळखेल काय रे?" मी "इन्शाल्ला" म्हणून विषय संपवायचो.

त्या पाखरांना ते डोळा मात्र काढत नसत. पिसान् पीस यायचं, चोचीवरची चमक यायची, शेवटी टाक डोळ्यापाशी थबकायचा आणि धुतला जायचा. "डोळा म्हंजे जीव," ते म्हणत. "तो घालनारा येगला."

एकदा बायकोने गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेल्या पत्रातून त्यांचीच चिमणी परत आली. चिमणीला डोळा होता. रुकय्याने आईच्या डबीतलं काजळ बोटाने लावलं होतं. चांगला पावलीएवढा टपोरा डोळा, निम्मा चोचीवर ओघळलेला. मला वाटलं, आता हे कष्टी होणार. पण दाऊदभाई तो कागद मांडीवर घेऊन असरच्या नमाजाची वेळ होईतो बसून राहिले, आणि त्यांच्या शांत मुद्रेवर असं काही हसू पसरलं की मीच दुसरीकडे पाहिलं. पुढेही ते डोळ्याची जागा कोरीच ठेवत राहिले. नियम तोच होता, कारण बदललं होतं.

घर सोडल्याला चार वर्षं झाली तेव्हा कुठे त्यांना रजा मिळाली. परत आल्यावर बॅग न सोडताच त्यांनी मला सगळं सांगितलं. पोर आईच्या पदराआड लपली. "ह्यो बाबा नाय," म्हणाली. तिचा बाबा पाखरं धाडणारा होता. दोन दिवस ती जवळ आली नाही. तिसऱ्या सकाळी ओट्यावर तिची पाटी पडली होती. दाऊदभाईंनी ती उचलली, पेन्सिलीने गवतातला लावा काढला, डोळा तेवढा सोडला आणि पाटी खाली ठेवली. रुकय्या पुढे आली. पाटीकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग खूप वेळ तोंडाकडे पाहिलं. पेन्सिल घेऊन डोळा घातला आणि मांडीवर येऊन बसली. सांगताना दाऊदभाई रडले. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. "खलास," एवढंच म्हणाले आणि हर्णैला गेले.

मी आणखी अकरा वर्षं राहिलो. माझाही मुलगा होता, इकबाल, रुकय्याच्याच वयाचा. त्याला मी बिस्किटांचे डबे धाडले, टॉर्च धाडली, बुशशर्टाची कापडं धाडली. माझ्या हाताने उमटलेली एक रेघ कधी धाडली नाही. रजेवर गेलो की त्याची आई त्याला पुढे करायची, तो अदबीने सलाम करायचा, पाहुण्यासाठी करतात तसा, आणि खेळायला निघून जायचा. आज त्याच्याच घरी मी राहतो. वेळेवर चहा मिळतो, औषध मिळतं, त्याने एका शब्दाने कधी तक्रार केलेली नाही. मला त्या न केलेल्या तक्रारीचंच दुःख आहे. उणीव भासायला माणूस आधी थोडा तरी असावा लागतो, आणि त्याच्या आठवणीत मी कधी आलेलोच नाही, तर गेलेला कुठून असणार.