दुखवट्यातले इंग्रजी

ग्लेनिसबाई युकुलेले नावाची चिमुकली गिटार वाजवतात आणि वर्गातले अकरा जण गाऊन इंग्रजी शिकतात. बारावा मी. मी गात नाही.

दर मंगळवारी सकाळी नाइटक्लिफच्या वाचनालयात हा वर्ग भरतो. बाई आधी रोजच्या कामाची चार वाक्ये फळ्यावर लिहितात. माझे नाव अमुक, मी इथे राहतो, मला मदत हवी आहे. मग त्यांना चाल लावतात. चाल साधी असते, बाईंनी स्वतःच केलेली. बोलताना माणूस प्रत्येक शब्दापाशी अडतो, गाताना अडायला सवड नसते, असे त्या म्हणतात. ते खरे असावे. माझ्या शेजारी तिमोरची फिलोमेना बसते. जानेवारीत ती नुसती मान हलवायची. आता बसच्या ड्रायव्हरशी भांडते.

आमचे कालिम्नोस बेट ग्रीसमध्ये. तिथली माणसे इथे ऑस्ट्रेलियात, डार्विनला पुष्कळ आहेत. घरात कुणी गेले की आमच्यात वर्षभर गाणे नसते. रेडिओवरसुद्धा फडके टाकतात. माझी बायको थेमेलिना ऑक्टोबरात गेली.

चक्रीवादळानंतर शहर पुन्हा बांधायचे होते, तेव्हा मी बावीस वर्षांचा इथे आलो. काम काँक्रीटचे. मुकादम आमच्या बेटावरचा, मजूर बेटावरचे, पाववालाही बेटावरचा. बँक, डॉक्टर, शाळा हे सगळे थेमेलिनाने पाहिले. पन्नास वर्षे मला इंग्रजीचे काम पडले नाही. पडले ते एकदाच.

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पडली. मी ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला. पलीकडून एका मुलीने काहीतरी विचारले, पुन्हा विचारले. मला शब्द अगदीच येत नव्हते असे नाही. पण एकही बाहेर आला नाही. फोन तसाच टाकून मी रस्त्यावर गेलो आणि ग्रीकमध्ये ओरडत राहिलो. समोर राहणाऱ्या गॉर्डनने फोनवर पत्ता सांगितला. तोवर दहा मिनिटे गेली होती. दहा मिनिटांनी फरक पडला नसता, असे डॉक्टर म्हणाले. तेही मला माझ्या मुलीने ग्रीकमध्ये सांगितले.

मुलगी कालोतिना ब्रिस्बेनला असते. दिवस झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तू इथे एकटा कसा राहणार? पडलास तर?"

"उठेन."

"आणि नाही उठलास तर? बरं, मी ॲम्ब्युलन्सवाली. सांग मला इंग्रजीत. नाव, पत्ता, काय झालं."

मी नाव सांगितले आणि थांबलो. डिसेंबरात तिने फोनवरून पुन्हा विचारले. पुन्हा तेच.

"ईस्टरपर्यंत बघू," ती म्हणाली. "मग घर विकायचं आणि तू माझ्याकडे यायचं."

"हे घर मी ओतलंय."

"माहीत आहे रे. पण घर काही फोन करणार नाही, बाबा. तुलाच करायला लागेल."

या घराचा स्लॅब मी ओतला तेव्हा सात दिवस थेमेलिनाने नळीने पाणी मारले होते. ते मी कालोतिनाला सांगितले नाही. तिला माहीत होते.

म्हणून मी वर्गात जाऊ लागलो. आणि वर्गात गाणे.

"दादा, तुझे ओठ माशासारखे हलतात," फिलोमेना एकदा म्हणाली. आमचे दोघांचे इंग्रजी सारखेच मोडके, त्यामुळे एकमेकांचे कळायचे. "आवाज कुठे ठेवून येतोस?"

"बायको गेली. एक वर्ष. गाणं नाही."

"आणि मुलगी? ती थांबते का एक वर्ष?"

मुलीची ईस्टरची अट मी तिला सांगितली होती. बाईंनी ऐकले असावे. सुटताना त्यांनी हातात कागद दिला. त्यावर माझाच पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला होता. "गाऊ नका," त्या सावकाश म्हणाल्या. "घरी नुसतं मोठ्यानं वाचा." मी वाचून पाहिले. घराचा नंबर सतरा, एवढे म्हणून झाले की जीभ जड व्हायची.

ईस्टरच्या उपासांआधी एका शनिवारी आम्ही मृतांसाठी उकडलेले गहू घेऊन दफनभूमीत जातो. थेमेलिनाची थोरली बहीण काथोलिकी माझ्याबरोबर होती. वय ब्याऐंशी. पाऊस नुकताच थांबला होता. तिने ताट थडग्यावर ठेवले, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि बहिणीचे नाव घेऊन विलाप सुरू केला. तू कुठल्या घरची, कुणाची लेक, दार कुठे उघडायचे, तुला काय झाले, कोण वाट बघतेय. तिच्या आईने तिच्या बापासाठी असाच केला होता. बाप तळाचे स्पंज काढायला समुद्रात उतरला आणि वर आलाच नाही.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले, ॲम्ब्युलन्सला सांगायचे तसेच यातही आधी नाव येते, मग घर, मग काय झाले ते.

तिचे झाल्यावर मी विचारले, "काथोलिकी, हे गाणं नव्हे ना?"

"गाणं? डोकं फिरलं का तुझं? हे रडणं आहे. गाणं मजेसाठी असतं."

"पुरुषाने केलं तर?"

"पुरुष करत नाहीत. त्यांना जमत नाही." तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "तू कर. तुला बघायला कोण बसलंय?"

त्या दिवसापासून मी रोज दुपारी स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसलो आणि बाईंचा कागद काथोलिकीच्या विलापाच्या सुरात म्हटला. पहिल्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी सतरानंतर बोरोनिया स्ट्रीट आपोआप आले, त्याच्यामागे नाइटक्लिफ. मी अडत नव्हतो. विलापात मधेच थांबत नाहीत.

मंगळवारी बाईंना हळूच म्हणून दाखवले. त्यांनी युकुलेले खाली ठेवले आणि म्हणाल्या, "आता सूर थोडा कमी करा, मिस्टर सावास. शब्द तसेच राहू द्या." फिलोमेना नेहमीसारखी थट्टा करेल असे वाटले होते. तिने माझी पिशवी बसस्टॉपपर्यंत उचलली.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी कालोतिनाचा फोन आला. तिने लगेच इंग्रजीत सुरू केले.

"ॲम्ब्युलन्स सेवा. तुमचं नाव?"

"सावास."

"कुठून बोलताय?"

"सतरा, बोरोनिया स्ट्रीट, नाइटक्लिफ." सूर मी कमी केला होता, पण पुरता गेला नव्हता. तिने तो ओळखला असावा. आईच्या मातीच्या वेळी मावशीने जे केले ते तिने ऐकलेले होते.

मग तिने विचारले, "काय झालंय?"

मी पडलो आहे, असे म्हणायचे होते. कागदावर तेच होते.

"माझी बायको पडलीय," मी इंग्रजीत म्हणालो. "श्वास घेत नाहीय. लवकर या."

 मग ती इंग्रजीतच, हळू आवाजात म्हणाली, "गाडी निघालीय. फोन ठेवू नका."

मी ठेवला नाही. स्वयंपाकघरातल्या त्याच फरशीकडे बघत उभा राहिलो. शेवटी ती ग्रीकमध्ये बोलली.

"घर नाही विकायचं, बाबा. राहा तू."

"बरं."

"जेवलास?"

"जेवलो," मी म्हणालो. जेवलो नव्हतो.

फोन ठेवल्यावर मी तो पत्ता आणखी एकदा म्हटला. विचारणारे कुणी नव्हते.